ताटाखालची फळी

परवा फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघांनी माझ्या हातात रंधा पाहिला आणि हसलात. आजी सुतार झाली का, असं धाकटीनं विचारलं. मी तेव्हा वेळ मारून नेली, कारण तुमची शाळेची वेळ झाली होती आणि ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. आता सकाळची कामं आटोपली आहेत. गॅलरीत ऊन यायला अवकाश आहे. नीट क्रमानं लिहिते.

रंधा म्हणजे लाकूड तासून सपाट करायचं हत्यार. आपल्याकडे दोन आहेत. एक लहान, लाकडी. त्याचं पातं पाचर ठोकून बसवतात. दुसरा लांब, लोखंडी आणि चांगलाच जड. दोन्ही तुमच्या आजोबांचे. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी संपली तेव्हा त्यांनी ते हौसेनं घेतले. आयुष्यभर मशिनवर लोखंड कापलं, आता हातानं लाकूडकाम करणार, असं ते म्हणायचे. गॅलरीत एक भक्कम टेबल बसवून घेतलं, त्याला फळी धरायला शिकंजा लावला. एक पाट केला, देवघरातली फळी केली. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

हात मांडीवर असला की शांत असायचा. काही करायला उचलला की कापायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, मग पडेनासा झाला. बँकेत सही जुळेना. दाढी करायला ते खालच्या दुकानात जाऊ लागले. रंधे तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत गेले आणि पेटी पलंगाखाली. हे सगळं त्यांनी फारसं न बोलता मान्य केलं. जेवणाचं मात्र तसं झालं नाही.

ते कसे जेवायचे ते मोठ्याला आठवत असेल. भात कालवताना बोटांची फक्त टोकं ओली व्हायची आणि उठताना ताट घासल्यासारखं स्वच्छ असायचं. त्याच हातातून आता घास तोंडापर्यंत जाईना. शितं सदऱ्यावर सांडायची. बोटं ताटाला लागली की ताट पुढं सरकायचं आणि आमटीची वाटी कलंडायची. चमच्यानंही जमेना. मी एकदा भरवायला गेले तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "अजून नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते चारचौघांत जेवेनासे झाले. पाहुणे आले की "तुम्ही बसा, मला आत्ता भूक नाही" म्हणायचे आणि सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी त्या वेळी बाहेर थांबत असे.

भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात. तुमच्या आईच्या माहेरी त्यांना गौरी म्हणतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाली की पंगत बसते, आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. तो मान आजोबांचा होता. त्यासाठी कन्नड गावाहून माझे धाकटे दीर सगळ्या कुटुंबासह येतात. त्या वर्षी उन्हाळ्यातच आजोबांनी त्यांना फोन केला. मी शेजारी भाजी निवडत होते.

"यंदा पंगतीला पहिला तू बस. मी मागून जेवीन."

पलीकडून दिरांचा आवाज मोठ्यानं आला. "म्हंजे? तुम्ही असताना मी? नाय जमायचं दादा. गाव काय म्हणंल?"

"गाव इथं जेवायला येणार नाही."

"नाय पण महालक्ष्म्या येणार ना. त्यांना काय सांगू?"

आजोबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसून राहिले. एकदा त्यांनी ती जागा सोडली की ते पुन्हा कधीच कुणासोबत जेवणार नाहीत, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

मी विचार करत राहिले. त्यांचे गुडघे शाबूत होते, मांडी घालून बसता येत होतं. अडचण होती ती ताटापासून तोंडापर्यंतच्या अंतराची. ताट जमिनीवर, तोंड एवढं वर, आणि मधला सगळा प्रवास थरथरत्या हातानं करायचा. ताट छातीजवळ आलं तर अंतर निम्मं होईल. मोठ्यांचं ताट चौरंगावर ठेवायची रीत आहेच, त्यामुळे कुणाला वेगळं वाटणार नाही. पण बाजारातले चौरंग पूजेचे, बुटके. सुताराकडून उंच करून घेतला असता तर आजोबांनी तो आजारपणाची सोय म्हणून नाकारला असता. त्यांच्याच हत्यारांनी, त्यांच्याच देखरेखीखाली झालेला चौरंग मात्र त्यांना नाकारता आला नसता, असं मला वाटलं.

"अहो, मला रंधा मारायला शिकवता?"

ते पेपर वाचत होते. "कशाला?"

"चौरंग करायचाय."

"कुणासाठी?"

"घरासाठी."

त्यांनी पेपर खाली केला. "किती उंच?"

मी जमिनीपासून हातानं दाखवलं. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं.

"कडेला पट्ट्या ठोकायच्या नाहीत," ते म्हणाले. "आणि ताटाखाली ओलं फडकं वगैरे काही नाही. लोक बघतात."

"नाही ठेवणार."

"मग पेटी काढ."

लाकडासाठी मी एकटीच वखारीत गेले. तिथल्या चाचांनी एका मोडलेल्या दाराच्या जुन्या सागवानी फळ्या काढून दिल्या. वरून म्हणाले, "अम्मा, मशीन पे रंदा मारके देतूं. दो मिनट का काम. हाथ काय को दुखाते?"

"नको. हातानंच करायचंय."

"हाथ से? कौन करता?"

"मी. आमचे साहेब शिकवतात."

"बीवी को सिखाना," ते फळ्या दोरीनं बांधत म्हणाले, "मतलब असल मेहनत साहब की है." माझ्यासाठी त्यांनी एक फुटकी फळी फुकट टाकली. पहिली वाया घालवायला म्हणून.

तुम्हाला ठाऊक आहे, माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी त्याबद्दल वाचायची मला सवय आहे. मी रंध्यावर एक पुस्तक मागवलं, दोनदा वाचलं. कुठला भाग कशासाठी ते मला तोंडपाठ झालं. मग फुटकी फळी शिकंज्यात धरली, रंधा ठेवला आणि जोरानं ढकलला. तो एक बोटभर गेला आणि फळीत रुतून बसला.

"पुस्तक आत ठेवून ये," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "फळीला वाचता येत नाही."

पहिला आठवडा त्यांनी मला रंधा मारूच दिला नाही. फक्त पात्याला धार लावायला लावली. दगडावर तेलाचे थेंब, पातं ठरलेल्या कोनात धरायचं, आणि मनगट न हलवता खांद्यातून मागंपुढं. पुस्तकात हे एका पानात होतं. हाताला कळायला आठवडा लागला. धार लागली की पात्यानं कागद कापून दाखवायचा. कागद फाटला तर पुन्हा दगडावर. धार लागल्यावर पातं रंध्यात बसवायचं आणि उलटा धरून त्याच्या तळाकडे उजेडात पाहायचं. पातं तळाच्या बाहेर केसाएवढं दिसलं पाहिजे. जास्त दिसलं तर रुततं, दिसलंच नाही तर नुसतं घसरतं. काम थांबलं की रंधा कुशीवर आडवा ठेवायचा, म्हणजे धार टेबलाला लागत नाही. तळावर अधूनमधून मेणबत्ती घासायची.

मग फुटक्या फळीवर सराव. त्यासाठी त्यांनी मला दुसरं पातं लावायला सांगितलं. त्याची धार सरळ नाही, थोडी कमानीसारखी गोल आहे. ओबडधोबड लाकडाचा उंचवटा आधी त्यानं तिरकं मारून काढतात, म्हणजे लाकूड पटकन उतरतं. त्यानं फळीवर सऱ्या पडतात, शेतात नांगर फिरवल्यासारख्या. माझ्या सऱ्या तर वेड्यावाकड्या होत्या. मी ती फळी टाकून द्यायला निघाले तर आजोबा म्हणाले, "असू दे." त्यांनी ती खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर त्यांचा सकाळचा चहा येऊ लागला.

खऱ्या फळ्यांवर मात्र सरळ धारेचं पातं. सुरुवातीला माझ्या फळीची दोन्ही टोकं उतरायची आणि मध्ये फुगवटा राहायचा. कारण मी दोन्ही हातांनी सारखा जोर लावत होते. सुरुवातीला पुढच्या हातानं दाबायचं आणि फळी संपताना जोर मागच्या हातावर आणायचा, हे त्यांनी चारदा सांगितलं. पाचव्यांदा ते उठले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी रंध्याची पुढची मूठ धरली. मी मागची धरली. आम्ही दोघांनी तो फळीच्या टोकापर्यंत नेला. तेवढा वेळ त्यांचा हात थरथरला नाही. त्या लोखंडाच्या वजनानं, किंवा खाली दाबायचं होतं म्हणून, हात शांत राहिला. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. ते जाऊन खुर्चीत बसले.

दुसरी चूक माझ्या स्वभावातली. मी प्रत्येक काम एका दिशेनं करते. केर आतून दाराकडे, भांडी डावीकडून उजवीकडे. रंधाही मी भिंतीकडून कठड्याकडेच मारायची. एका फळीत लाकडाच्या रेषांची दिशा अर्ध्यावर उलटी झाली होती. तिथं लाकूड खवल्यासारखं उचकटलं.

"आवाज बदलला," आजोबा पेपरामागून म्हणाले. "फळी फिरव."

"अशी मारली तर उजेड चांगला येतो."

"उजेडासाठी मारतेस की लाकडासाठी?"

मी फळी फिरवली. सर्र असा आवाज झाला आणि रंध्याच्या तोंडातून पातळ, गुंडाळलेला छिलका बाहेर आला. त्यांनी हात पुढं केला. मी तो छिलका त्यांच्या तळहातावर ठेवला. तो तिथं थरथरत राहिला, पण त्यांनी मूठ मिटली नाही.

श्रावण संपत आला तेव्हा तीन फळ्या एकमेकींना चिकटवून झाल्या होत्या. पाय वखारीतून कापून आणले आणि बसवले. वरच्या बाजूवर मी दिवसचे दिवस रंधा फिरवला. सांधे हाताला लागेनासे झाले. मग अळशीचं तेल चोळलं, वर मेण, मग मऊ फडक्यानं घासलं. गॅलरीच्या जाळीची सावली त्यात दिसू लागली. मला इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता. मी आजोबांना म्हटलं, आज दुपारी यावर जेवून पाहा. घरात आम्ही दोघंच होतो.

मी ताट वाढलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाजी, वरणभात, आमटीची वाटी. ते पाटावर बसले. ताट बरोबर छातीजवळ आलं. त्यांनी हात पुढं केला, बोटं भातात गेली आणि ताट सरकलं. जमिनीवर सरकायचं त्याहून सहज सरकलं. त्या चकचकीत फळीवर स्टीलचं ताट बर्फावरून जावं तसं गेलं, काठापलीकडे झुकलं आणि सगळं फरशीवर पडलं. वाटी गोल फिरत दारापर्यंत गेली.

ते ओरडले नाहीत. हात तसाच हवेत ठेवून बसले. मग म्हणाले, "छान झालाय चौरंग. देवाला ठेव." आणि उठून आत गेले.

मी फरशी पुसली. आमटी वाळली की डाग राहतो, म्हणून लगेच पुसली. मग चौरंग घेऊन गॅलरीत आले. महालक्ष्म्या आठवड्यावर होत्या. मी जे काम चांगलं करत होते असं समजत होते, त्यानंच घात केला होता. ताट जिथं राहायचं ती जागा मी आरशासारखी केली होती, कारण काम चांगलं म्हणजे गुळगुळीत, असं मी धरूनच चालले होते. कडेला पट्ट्या नकोत, फडकं नको, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले. शेजारी स्टुलावर सरावाची ती वेडीवाकडी फळी होती आणि तिच्यावर सकाळचा कप. कप उचलताना हात कापायचा, चहा हिंदकळायचा, पण बशी त्या फळीवरून सरकलेली मी इतक्या दिवसांत पाहिली नव्हती. मी बशीला बोटानं ढकलून पाहिलं. ती सऱ्यांवर अडकली.

मी गोल धारेचं पातं काढलं, रंध्यात बसवलं, चौरंग शिकंज्यात धरला. पहिला हात मारायला मन होईना. मग मारला. तेल आणि मेण प्यायलेलं लाकूड खरवडल्यासारखा आवाज करत निघालं.

आतून पावलं आली. आजोबा दारात उभे राहिले.

"काय करतेस?"

"रंधा मारते."

"आडवा? गोल पात्यानं? वाटोळं होईल त्याचं."

"होऊ दे."

मी आणखी एक हात मारला. त्यांची नजर सऱ्यांवरून स्टुलावरच्या बशीकडे गेली आणि परत आली. मला वाटलं, आता आत जातील.

"सरळ आडवा मारू नकोस," ते म्हणाले. "पलीकडची कडा फुटेल. तिरका मार. आधी एका बाजूनं तिरका, मग दुसऱ्या."

ते पुढं आले आणि त्यांनी पुढची मूठ धरली.

आम्ही फक्त मधला भाग केला, ताटाएवढा. कडेला चार बोटं गुळगुळीत राहू दिली. ताट ठेवलं की खालच्या सऱ्या दिसत नाहीत, एवढं त्यांनी दूर उभं राहून, मान वाकडी करून तपासलं. मेण लावलं नाही. रात्री त्यांनी त्याच्यावर पोळीभाजी खाल्ली. मी स्वयंपाकघरातच होते आणि त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवशी घर भरलं. जाऊबाई पहाटेपासून पुरण वाटत होत्या. दिरांनी चौरंग पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, ह्यो कुठून आणला? लई उंच हाय."

"घरी केला."

"कुणी?"

"आम्ही."

"दादाला शिकवलं व्हय तुम्ही?" ते हसले. आजोबाही हसले. त्यांचं चित्त तिथं नव्हतं, हे मला दिसत होतं. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा फारसं घेतलं नव्हतं.

आरती झाली. पंगत बसली. आजोबा पहिल्या पाटावर, समोर चौरंग, वर ताट. बाकी सगळ्यांची ताटं जमिनीवर. मी तूप वाढत शेवटपर्यंत गेले आणि तिथंच तुपाची वाटी हातात धरून थांबले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यात वेगळं काही नव्हतं, दर वर्षी पाहतात.

त्यांनी हात पुढं केला. हात कापत होता. बोटं ताटाला लागली, वाटी किणकिणली. ताट जागचं हललं नाही. त्यांनी पुरणपोळीचा तुकडा तोडला, दुधात बुडवला आणि मान थोडी खाली करून तोंडात घातला. दुधाचे थेंब सदऱ्यावर पडले. ते सगळ्यांच्याच पडतात.

"बसा की," ते म्हणाले. "माझ्याकडं काय बघता? जेवा."

मग सगळ्यांचे हात ताटात गेले. त्यांना जेवायला सगळ्यांहून जास्त वेळ लागला. दिरांचं ताट केव्हाच संपलं होतं, पण ते उठले नाहीत. आमटी मागून मागून घेत राहिले. मोठा उठल्याशिवाय उठायचं नाही, हीसुद्धा रीतच आहे.

पुढल्या वर्षीही आजोबा त्या जागी बसले. त्यानंतर हात फारच गेला. एका सकाळी मी चहात बिस्किट बुडवून त्यांच्यापुढं धरलं आणि त्यांनी तोंड उघडलं. ते गेल्यानंतरच्या भाद्रपदात आपण सण केला नाही. यंदा केला.

यंदा मोठे म्हणजे दीर. ते तयार नव्हते. "वहिनी, माझं ताट खालीच ऱ्हाऊ द्या," असं म्हणत होते. मी चौरंग त्यांच्यासमोर मांडला. ताट येईपर्यंत त्यांनी सवयीनं त्याच्यावरून हात फिरवला आणि मधोमध थांबले. वाकून पाहिलं. सऱ्यांमध्ये हळदीचे पिवळे डाग मुरलेले आहेत, ते कितीही घासले तरी निघत नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्याला मधी रंधा मारायचा ऱ्हायलाय."

"नाही," मी म्हणाले. "मारलेला आहे."

त्यांनी आणखी एकदा त्या जागेवरून हात फिरवला. मग हात मागं घेतला, आणि मी ताट ठेवलं.